फर्डिनंड कोन
जंतुशास्त्र म्हटलें कीं पाश्चर व कॉख यांचीं नांवें ओठांवर येतात. आम्हांस मात्र फर्डिनंड कोन यांचें स्मरण होतें. ते १८२८ सालीं जर्मनांच्या ब्रेस्लौ शहरीं जन्मले. तें नगर आतां पोलंडांत आहे. लहानपणींच त्यांची श्रवणशक्ति मंदावली. यहुदी म्हणून तेथील विद्यापीठानें त्यांस पदवी नाकारली; ती त्यांनीं एकोणिसाव्या वर्षीं बर्लिनला मिळविली, आणि पुढें ब्रेस्लौच्याच विद्यापीठांत ते प्राध्यापक झाले!

गवताचा काढा उकळला तरी त्यांत जंतु पुन्हां दिसत, व कित्येकांस ती निर्जीवापासून झालेली जीवोत्पत्ति वाटे. कोन यांनीं सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें, तों जंतूच्या उदरांत एक तेजस्वी बीज तयार होत होतें. उकळत्या काढ्यांतहि तें टिके आणि मागाहून अंकुरे. १८७६ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं कॉख, तेव्हां एका लहान गांवचे अप्रसिद्ध डॉक्टर, काळपुळीच्या जंतूंचे प्रयोग दाखवावयास आले. कोन यांनीं ते मन लावून पाहिले व त्यांची हकीकत स्वतःच्या नियतकालिकांत छापली. हें औदार्य आम्हांस त्या बीजाच्या शोधाइतकेंच मोलाचें वाटतें.

कोन १८९८ सालीं निवर्तले. उपासमार होतां जंतु बीज कसें धरतो, याचा उलगडा १९९१ सालीं झाला: फॉस्फेटचा अंश एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, असा चार प्रथिनांच्या हातीं फिरतो, चवथ्यास तो पुरेसा पोंचला, कीं बीजधारणेस आरंभ होतो.