पाश्चर आणि नऊ वर्षांचा मुलगा

लुई पाश्चर हे वैद्य नव्हेत, रसायनशास्त्रज्ञ. कातडी कमावणाऱ्याचे पुत्र. आर्बवा गावी, बालपणी, पिसाळलेल्या लांडग्याने चावलेली माणसे लोहाराच्या भट्टीवर डागून घेत, हे त्यांना ठाऊक होते. जलसंत्रासावर दुसरा इलाजच नव्हता!

१८८५ च्या जुलैत आल्सासमधून एक आई श्वानदंश झालेल्या मुलाला, जोसेफ माइस्टरला, घेऊन पॅरिसला आली. विष मेंदूपर्यंत सावकाश चढते. तेवढ्या अवधीत लस पोहोचली तरच रोगी वाचायचा. सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूची लस कुत्र्यांना लागू पडली होती. पण माणसाला? पाश्चरना टोचण्याचा अधिकार नव्हता, सुई डॉ. ग्राँशे यांनी धरली. एकूण तेरा टोचण्या, शेवटच्या सर्वांत जहाल. पाश्चरची झोप उडाली. मुलगा मात्र प्रयोगशाळेतल्या सशांशी खेळे.

मुलगा जगला. मोठेपणी तो पाश्चर संस्थेचाच द्वारपाल झाला.