ज्यांच्या नावाचा बर्नर प्रत्येक लॅबमध्ये आहे, त्या बुन्सेन यांचा एक डोळा लॅबमध्येच गेला होता

सायन्सच्या लॅबमध्ये पहिल्यांदा गेल्यावर ज्या वस्तूशी ओळख होते ती म्हणजे बुन्सेन बर्नर. उभी नळी, खाली हवेचं भोक आणि वर निळी ज्योत. बर्नर सगळ्यांना माहितीये. पण ज्या माणसाचं नाव त्याला दिलंय, त्याला उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं आणि तो डोळा प्रयोग करतानाच गेला होता, हे फार कमी जणांना माहिती असतं.

आज युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काम करायचं तर गॉगल, ग्लोव्हज, एप्रन आलंच. विषारी वाफा ओढून घेणारं फ्युम हूड कुठे आहे, डोळ्यात काही उडालं तर धुवायचं कुठे, आग लागली तर कोणतं सिलेंडर उचलायचं, हे प्रोफेसरपासून लॅब असिस्टंटपर्यंत सगळ्यांना शिकवलं जावं अशी अपेक्षा असते. रॉबर्ट बुन्सेन यांच्या काळात असं ट्रेनिंग नव्हतं. काय धोका आहे आणि त्यावर काय करायचं, हे ज्याचं त्याने शोधायचं. बुन्सेन यांनी ते शोधलंही. तरी डोळा गेलाच.

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहरात. 1811 साली बुन्सेन यांचा जन्म झाला. वडील तिथल्याच युनिव्हर्सिटीत प्रोफेसर आणि ग्रंथपाल. म्हणजे पोरगं युनिव्हर्सिटीच्या आवारातच वाढलं म्हणा ना. 1831 मध्ये, ऐन विशीत, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मग जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया असा दौरा करून वेगवेगळ्या लॅब आणि कारखाने पाहिले आणि परत येऊन शिकवायला लागले.

आधी औषध, मग विष

त्या काळात आर्सेनिक म्हणजे घराघरात पोहोचलेलं विष होतं. उंदीर मारायला ते वापरायचे आणि कधी कधी माणसं मारायलाही. बुन्सेन आर्सेनिकच्या क्षारांवर काम करत होते. कोणते क्षार पाण्यात विरघळत नाहीत हे तपासताना त्यांच्या लक्षात आलं की ताजं तयार केलेलं लोहाचं हायड्रॉक्साइड, म्हणजे साधारण ओल्या गंजासारखा तपकिरी गाळ, आर्सेनिकला घट्ट धरून ठेवतो.

मग हाच गाळ पोटात गेला तर? बर्टहोल्ड नावाच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी हे तपासलं आणि 1834 मध्ये आर्सेनिकवर उतारा म्हणून जगापुढे मांडलं. पोटातलं विष या गाळाला चिकटतं, विरघळत नाही आणि त्यामुळे रक्तात कमी जातं, असं ते काम करतं. आता डॉक्टर दुसरी औषधं वापरतात, पण पुढची कितीतरी वर्षं हाच उतारा चालला.

1836 मध्ये ते कासेलच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला गेले आणि तिथे त्यांनी निवडला काकोडिल हा विषय. त्यात आर्सेनिकच होतं, पण वाफेच्या रूपात.

आर्सेनिक ऑक्साइड आणि पोटॅशियम अ‍ॅसिटेट एकत्र तापवलं की एक धूर सोडणारा द्रव मिळतो. अठराव्या शतकात काडे नावाच्या फ्रेंच माणसाने तो पहिल्यांदा बनवला होता. नंतर स्वीडनच्या बर्झेलियस यांनी त्यातल्या मूळ घटकाला काकोडिल हे नाव दिलं, आणि त्या नावाचं मूळ दुर्गंधी या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. यातले काही पदार्थ हवा लागली की आपोआप पेट घेतात. नुसता वास घेतला तरी हातापायाला मुंग्या येतात, गरगरतं, शुद्ध हरपते. हे सगळं बुन्सेन यांनीच लिहून ठेवलंय, म्हणजे ते कसं कळलं असेल याचा अंदाज तुम्हीच लावा.

बुन्सेन बेफिकीर होते असं मात्र नाही. त्यांनी या पदार्थांचं काम मोकळ्या हवेत केलं आणि लांब नळीतून बाहेरची स्वच्छ हवा श्वासात घेतली. आज आपण ज्याला रेस्पिरेटर म्हणतो, त्याचं हे घरगुती रूप.

तरी व्हायचं ते झालं. काकोडिल सायनाइडवर काम करताना भांड्याचा स्फोट झाला आणि काचेचा तुकडा उजव्या डोळ्यात गेला. डोळा कायमचा गेला. आर्सेनिकची विषबाधा झाली ती वेगळी, आणि त्यात ते मरता मरता वाचले. आपणच शोधलेल्या उताऱ्याने ते वाचले असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. गोष्ट म्हणून ती भारी आहे, पण तो गाळ काम करतो पोटात. वाफ जाते फुप्फुसातून थेट रक्तात. त्यामुळे सगळं श्रेय त्याला देणं मला तरी अवघड वाटतं.

लक्षात घ्या, श्वासाची सोय केली होती, पण डोळ्यांची नव्हती. एका धोक्याकडे नीट बघताना दुसरा सुटतो, आणि हे जुन्या काळापुरतं नाही. 1996 मध्ये अमेरिकेच्या डार्टमथ कॉलेजमध्ये केरन वेटरहान या प्रोफेसर डायमिथिल मर्क्युरीवर काम करत होत्या. फ्युम हूड होतं, हातात ग्लोव्हज होते. काही थेंब ग्लोव्हजवर पडले. लेटेक्सच्या ग्लोव्हजमधून हा पदार्थ काही सेकंदांत आरपार जातो, हे तेव्हा माहिती नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर कोणत्या केमिकलला कोणता ग्लोव्ह, हा ट्रेनिंगमधला महत्त्वाचा प्रश्न झाला.

काकोडिलची पुढची गंमत म्हणजे, क्रिमियन युद्धात लायन प्लेफेअर या ब्रिटिश केमिस्टने काकोडिल सायनाइड तोफगोळ्यांत भरून रशियन जहाजांवर टाकायचं सुचवलं होतं. लष्कराने नकार दिला. हे प्लेफेअर बुन्सेन यांचे मित्र, दोघांनी मिळून इंग्लंडमधल्या लोखंडाच्या भट्ट्यांतून किती उष्णता वाया जाते हे मोजलं होतं.

काकोडिलनंतर बुन्सेन सेंद्रिय रसायनशास्त्रातून बाजूला झाले. धोका पत्करायची सवय काही गेली नाही. 1846 मध्ये ते आइसलँडला गेले आणि उसळणाऱ्या गरम पाण्याच्या गीझरमध्ये थर्मामीटर सोडून तापमान मोजलं, तेही तो उसळायच्या थोडंच आधी.

बर्नर आला कुठून?

1852 मध्ये ते हायडेलबर्ग युनिव्हर्सिटीत आले. त्यांच्यासाठी नवी लॅब बांधली जात होती आणि शहरात दिव्यांसाठी गॅसच्या पाइपलाइन आल्या होत्या. तोवर लॅबमध्ये तापवायला कोळशाच्या शेगड्या नाहीतर स्पिरिटचे दिवे असायचे. साधा गॅस पेटवला तर पिवळी, काजळी धरणारी ज्योत मिळायची.

गॅस जळायच्या आधीच त्यात हवा मिसळायची, ही बुन्सेन यांची कल्पना. तसे प्रयत्न आधीही झाले होते, मायकेल फॅरेडे यांचाही एक बर्नर होता. पण नीट चालणारा बर्नर घडवला तो युनिव्हर्सिटीचे मेकॅनिक पीटर डेसागा यांनी. 1855 मध्ये लॅब सुरू होताना त्यांनी विद्यार्थ्यांसाठी असे 50 बर्नर तयार ठेवले होते. बुन्सेन यांनी पेटंट घेतलं नाही. डेसागा यांचं नाव मात्र कुठल्याच पुस्तकात ठळक येत नाही, हे जरा खटकतं.

लॅबमध्ये शिकवतात ना, पेटवताना हवेचं भोक बंद ठेवा? त्याचं कारण असं की निळी ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. भोक बंद असलं की ज्योत पिवळी होते आणि लांबूनही दिसते. शिवाय गॅस कमी आणि हवा जास्त झाली तर ज्योत नळीच्या आत शिरते. म्हणून काम थांबलं की भोक बंद करायचं आणि ज्योत पिवळी ठेवायची.

याच स्वच्छ ज्योतीमुळे पुढचा मोठा शोध लागला. गुस्ताव किर्खहोफ यांच्यासोबत बुन्सेन यांनी ज्योतीत धरलेल्या पदार्थाचा प्रकाश प्रिझममधून पाहिला आणि 1860 मध्ये सीझियम, 1861 मध्ये रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं सापडली. सीझियमसाठी सुमारे 40 टन खनिज पाणी आटवावं लागलं होतं.

बुन्सेन यांची शिकवायची पद्धत म्हणजे दिवसभर लॅबमध्ये हजर राहायचं आणि एकेका टेबलापाशी जाऊन स्वतः करून दाखवायचं. मात्र तापलेल्या मुशीचं झाकण ते नुसत्या बोटांनी उचलायचे. कातडी इतकी निबर झाली होती. आजच्या सेफ्टी ऑफिसरने ते पाहिलं असतं तर लॅबलाच कुलूप लावलं असतं.

हाच हात पुढे कामी आला. 1860 च्या दशकाच्या शेवटी ते प्लॅटिनमसारख्या धातूंवर काम करत होते. ऱ्होडियम आणि इरिडियमच्या बारीक पुडीला त्यांनी बोट लावलं आणि ती बारुदासारखी भडकली. चेहरा भाजला, भुवया आणि पापण्या जळाल्या. पण पुडीला लावलेला हात मध्ये असल्याने ज्योत बोटांच्या फटींतून तेवढी पुढे आली, आणि उरलेला एकमेव डोळा वाचला.

त्यानंतर वीसेक वर्षं ते त्याच लॅबमध्ये शिकवत राहिले. लग्न केलं नाही. 1889 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी निवृत्त झाले आणि भूगर्भशास्त्रात रमले. 16 ऑगस्ट 1899 रोजी हायडेलबर्गमध्येच त्यांचं निधन झालं.