धुराड्यातला शर्यतवेडा : यूजीन हूड्री

टूरिंग बाइक घेतली की पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात एक्झॉस्ट बदलायचा किडा वळवळायला लागतो. स्टॉक सायलेन्सर म्हणजे उगाच वजन, आणि त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे आपला 'कॅट', हे तर इंजिनाच्या नरड्यात बसवलेलं बूच, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. लडाखला जायचंय ना, मग आधी कॅट काढ, गाडी मोकळी होईल, हा सल्ला मी निदान दहा जणांकडून ऐकलाय. हे बूच पहिल्यांदा बनवणारा माणूस गाडीच्या वाऱ्यालाही न उभा राहणारा कुणी पर्यावरणवाला असेल असं कुणालाही वाटेल. मित्रांनो, तो होता बुगाटी उडवणारा एक शर्यतवेडा, आणि वर आपल्यासारखाच मेकॅनिकलचा इंजिनिअर!

त्याचं नाव यूजीन हूड्री. फ्रेंच लोक आडनावातला 'ह' गिळून 'उद्री' म्हणतात, पण त्याचं नाव अमेरिकेत मोठं झालं म्हणून मी अमेरिकन उच्चारच ठेवतो. जन्म १८ एप्रिल १८९२, पॅरिसजवळच्या दोमाँ गावात. वडिलांचा पोलादी बांधकामाचा कारखाना होता, घर खातंपितं. पोरगा हुशार निघाला. १९११ साली मेकॅनिकलची पदवी घेतली ती वर्गात पहिला येऊन, सुवर्णपदकासह. शिवाय कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, आणि ती टीम राष्ट्रीय विजेती. आपल्याकडे अभ्यास आणि ग्राउंड यातलं एकच निवडायला सांगतात त्यांनी हे वाचावं.

पदवीनंतर तो वडिलांच्या धंद्यात शिरला, तोवर पहिलं महायुद्ध सुरू झालं. रणगाडे तेव्हा अगदी नवे होते. हूड्री फ्रेंच रणगाडा दलात गेला आणि १९१७ साली ज्या लढाईत फ्रेंच रणगाडे पहिल्यांदा मोठ्या संख्येने उतरले, त्या ज्युव्हँकूरच्या लढाईत जखमी झाला. गोळीबार चालू असताना बंद पडलेले रणगाडे दुरुस्त करून घेतल्याबद्दल त्याला शौर्यपदक मिळालं.

युद्ध संपलं, तो परत कारखान्यात आला, पण मन रमेना. त्याला मोटारींच्या शर्यतींचा नाद होता, आणि त्या नादातच त्याच्या लक्षात आलं की इंजिनाचं घोडं पेट्रोलपाशी अडतंय. कॉम्प्रेशन रेशो वाढवला की दम वाढतो, हे आपण सेकंड इयरला शिकलो. पण कॉम्प्रेशन वाढवलं की तेव्हाचं हलकं पेट्रोल स्पार्कची ज्योत पोहोचायच्या आधीच भडकायचं आणि इंजिन ठोकायला लागायचं. हेच नॉकिंग.

या नॉकिंगवर त्या काळात दोन उत्तरं निघाली. पुढची सगळी गोष्ट या दोन उत्तरांच्या भांडणाची आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पहिलं उत्तर अमेरिकेत मिळालं. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला सापडलं की पेट्रोलमध्ये चिमूटभर टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं संयुग, मिसळलं की ठोकणं थांबतं. स्वस्त आणि सोपं. १९२३ पासून ते पंपावर मिळायला लागलं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं, पण काम भागत होतं ना! दुसरं उत्तर हूड्री शोधत होता : पेट्रोलमध्ये काही मिसळण्यापेक्षा पेट्रोलचे रेणूच मुळात चांगले का बनवू नयेत?

सुरुवात त्याने लिग्नाइटपासून केली. फ्रान्समध्ये तेल नव्हतं, लिग्नाइट होता, आणि त्यापासून पेट्रोल करता येईल असा एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा दावा त्याच्या कानावर आला होता. घरचा पैसा ओतून हूड्री मागे लागला. १९२९ साली रोज ६० टन लिग्नाइट हाताळणारा कारखाना सरकारी मदतीने उभा राहिला, चाललाही, पण हिशोब जमेना आणि त्याच वर्षी बंद पडला. मात्र तोवर त्याने जड तेलावरही हात चालवून बघितला होता. केमिस्ट्रीची पदवी नसलेला हा माणूस शेकडो उत्प्रेरक एकामागून एक लावून बघत होता. १९२७ साली सिलिका आणि ॲल्युमिनाच्या, म्हणजे साध्या मातीच्या जातीच्या उत्प्रेरकावर जड तेलाची वाफ सोडल्यावर उत्तम पेट्रोल मिळालं. ते त्याने कुठल्या गाडीत भरून बघितलं असेल? अर्थात बुगाटीत.

आता यातली खरी मेख सांगतो. ही माती काम करायची, पण काही मिनिटांतच तिच्यावर कोळशाचा थर बसून ती निकामी व्हायची. इथे मेकॅनिकलचा माणूस कामाला आला, केमिकलवाल्यांनी राग मानू नये. हूड्रीने काय केलं, तर गरम हवा सोडून तो कोळसा जागच्या जागी जाळून टाकला आणि उत्प्रेरक पुन्हा ताजा केला. एका भांड्यात क्रॅकिंग, त्याच वेळी दुसऱ्यात साफसफाई, तिसऱ्यात कोळसा जाळणं, आणि साधारण दहा मिनिटांनी अदलाबदल, असं चक्र त्याने बसवलं. जाळताना निघणारी उष्णता वितळलेल्या मिठाच्या नळ्यांनी काढून घेऊन पुन्हा कामाला लावली. अमेरिकेत मार्कस हुकच्या रिफायनरीत तर निघणाऱ्या धुरावर गॅस टर्बाइन फिरवली आणि तिच्यावर हवेचा कॉम्प्रेसर चालवला. एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबायची, म्हणजे आपल्या टर्बोचार्जरचाच थोरला भाऊ. उद्योगधंद्यात रोजच्या कामाला लागलेल्या पहिल्या गॅस टर्बाइन्सपैकी ही एक, त्यामुळे थर्मलच्या सरांसमोर व्हायवात हे उदाहरण ठोकून द्यायला हरकत नाही.

अमेरिकेत तो पोहोचला १९३० साली, व्हॅक्यूम ऑइल कंपनीच्या बोलावण्यावरून. फ्रान्समध्ये कुणी पैसे लावायला तयार नव्हतं. तिथेही मंदी होतीच, पण १९३१ साली हूड्री प्रोसेस कॉर्पोरेशन उभी राहिली, १९३३ साली सन ऑइल कंपनी सामील झाली, आणि १९३७ साली मार्कस हुकला मोठा कारखाना सुरू झाला. नुसती उष्णता देऊन तेल फोडण्याच्या जुन्या पद्धतीत साधारण चौथा हिस्सा चांगलं पेट्रोल मिळायचं, हूड्रीच्या पद्धतीत जवळजवळ निम्मं. १९४० पर्यंत अशी १४ युनिट्स चालू झाली होती. युद्धाच्या सुरुवातीच्या दोन वर्षांत कॅटॅलिटिक क्रॅकिंगने जे विमानाचं पेट्रोल बनलं त्यातलं सुमारे ९० टक्के हूड्रीच्या युनिट्समधून आलं. आणि गंमत म्हणजे आणखी ऑक्टेन चढवायला त्या पेट्रोलमध्येही शिसं घालतच होते. दोन उत्तरं तेव्हा एकाच टाकीत गुण्यागोविंदाने नांदत होती.

१९४२ पासून वाहत्या उत्प्रेरकाची फ्लुइड पद्धत आली आणि हूड्रीचं युनिट हळूहळू मागे पडलं. त्याचं स्वतःचं लक्ष तेव्हा दुसरीकडेही होतं. १९४० साली फ्रान्स पडला, विशीचं सरकार जर्मनीपुढे वाकलं, आणि हूड्री अमेरिकेत बसून त्या सरकारविरुद्ध उभा राहिला. विशी सरकारने १९४१ मध्ये त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. ज्या देशासाठी जखमी झाला त्याच देशाने परका ठरवलं! १९४२ च्या जानेवारीत तो अमेरिकन नागरिक झाला.

युद्ध संपलं तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती. नाव झालं होतं, पैसा होता. निवांत बसता आलं असतं. पण आता त्याची नजर इंजिनाच्या दुसऱ्या टोकाकडे वळली. लॉस एंजेलिसवर तेव्हा डोळे चुरचुरवणारं धुकं साचायचं. ते मुख्यतः मोटारींच्या धुरातून, उन्हाच्या प्रक्रियेने बनतं हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. फुप्फुसाचा कॅन्सर वाढतोय त्यामागे हा धूर असावा असं हूड्रीला वाटत होतं. आयुष्यभर जास्तीत जास्त पेट्रोल काढणाऱ्या माणसाने तेच पेट्रोल जळल्यावर काय होतं ते बघायचं ठरवलं, हे मला त्याच्या चरित्रात सगळ्यात मोठं वाटतं. त्याने ऑक्सि-कॅटलिस्ट नावाची कंपनी काढली.

तत्त्व जुनंच होतं. नको असलेला कार्बन उत्प्रेरकाच्या मदतीने जाळून टाकायचा. फक्त आता कोळशाच्या जागी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल, आणि रिफायनरीच्या जागी सायलेन्सर. चिनीमातीच्या कांड्यांवर ॲल्युमिना आणि प्लॅटिनमचा पातळ थर, त्यांच्यामधून एक्झॉस्ट जाणार, मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होणार. १९५६ साली त्याला याचं पेटंट मिळालं. गोदामांत फिरणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्यांवर हे प्रकरण छान चाललं. बंद जागेत मोनॉक्साइड जीवघेणा असतो, तिथे मालकांना पटवावं लागलं नाही.

मोटारीवर मात्र ते बसेना, कारण मोटारीच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं. जळल्यावर शिशाची संयुगं प्लॅटिनमवर जाऊन बसायची आणि उत्प्रेरक मरायचा. रिफायनरीतला कोळसा जाळून टाकता येत होता, शिसं जाळता येत नाही. मिजलीच्या सोप्या उत्तराने हूड्रीच्या दुसऱ्या शोधाची अशी वाट अडवली. तेलकंपन्या शिसं सोडायला तयार नव्हत्या, आणि तशी सक्ती करणारा कायदा नव्हता. १८ जुलै १९६२ रोजी हूड्री गेला तेव्हा अमेरिकेत कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या एकाही मोटारीवर कन्व्हर्टर नव्हता.

पुढे १९७० साली अमेरिकेत हवेचा कडक कायदा झाला आणि १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांना कन्व्हर्टर आले, त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोलही आलं. पेटंटची मुदत तेव्हा १७ वर्षं असायची, म्हणजे हूड्रीचं पेटंट १९७३ मध्येच संपलं होतं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं.

आता पुन्हा आपल्या बाइककडे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्या बाइकमधला कॅट हूड्रीच्या कॅटपेक्षा एक पाऊल पुढचा, थ्री-वे आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळतात, ऱ्होडियम नायट्रोजन ऑक्साइड फोडतं. मात्र त्यासाठी हवा-पेट्रोल प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास लागतं, आणि ते राखायला ऑक्सिजन सेन्सर. म्हणून कॅट कापून फुल सिस्टिम बसवली आणि ईसीयूचं मॅपिंग तसंच ठेवलं, तर फुल थ्रॉटलला मिश्रण लीन होऊन इंजिन तापण्याची शक्यता असते. बदल्यात मिळाली तर एखाद-दोन हॉर्सपॉवर, तीही वरच्या आरपीएमला. सामान लादून घाट चढताना लागणारा खालचा टॉर्क उलट कमी होऊ शकतो. आणि लडाखचं म्हणाल तर पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे दम जातो तो हवेमुळे, कॅट बिचारा काय करणार!

कॅट खरोखर तुंबतो, नाही असं नाही. मिसफायर होत असेल तर कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस शिशासारखाच थर देतो. दोन्ही वेळा दुखणं इंजिनात असतं, कापला जातो कॅट.

ज्याला आवाज आणि रूप बदलायचंच आहे त्याने आधी गाडीखाली वाकून कॅट कुठे आहे ते बघावं. काही बाइकमध्ये तो हेडर पाइपमध्ये असतो, तिथे पुढचा सायलेन्सर बदलला तरी कॅट शाबूत राहतो. काहींमध्ये तो सायलेन्सरच्या पोटात असतो, आणि सायलेन्सर गेला की तोही गेला. अशा वेळी दुकानदाराला नव्या सायलेन्सरमध्ये कॅट आहे का ते विचारा, आणि असेल म्हणाला तर पावतीवर लिहून घ्या.