विश्लेषण : आजार अचूक ओळखूनही संगीतकार माहलर का वाचू शकले नाहीत?

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील मोठे नाव असलेले गुस्ताव्ह माहलर १९११ मध्ये वयाच्या अवघ्या ५० व्या वर्षी गेले. मुलीच्या मृत्यूने आणि हृदयविकाराच्या धसक्याने ते खचले आणि संपले, असे त्यांच्याबद्दल वर्षानुवर्षे सांगितले गेले. प्रत्यक्षात त्यांचा मृत्यू हृदयाच्या झडपेला झालेल्या जंतुसंसर्गाने झाला. तो संसर्ग त्या काळातील उत्तम डॉक्टरांनी प्रयोगशाळेत सिद्धही केला होता, पण त्यांच्या हातात औषध नव्हते.

माहलर कोण होते?

माहलर यांचा जन्म ७ जुलै १८६० रोजी बोहेमियातील (आजचा चेक प्रजासत्ताक) कालिश्टे या खेड्यात ज्यू कुटुंबात झाला. आई-वडिलांना १४ मुले झाली, त्यांपैकी अनेक लहानपणीच दगावली. गुस्ताव्ह यांच्या पाठचा भाऊ अर्न्स्ट १३ व्या वर्षी हृदयाच्या दीर्घ आजाराने गेला. आईलाही हृदयविकार होता. व्हिएन्नात शिकलेले माहलर वाद्यवृंद संचालक म्हणून एकेक पायरी चढत १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या शाही ऑपेराचे प्रमुख झाले. हंगामात ऑपेरा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सिम्फनीचे लेखन, असा त्यांचा शिरस्ता होता. डोंगर चढणे, पोहणे, सायकल चालवणे यांची त्यांना विलक्षण आवड होती.

हृदयातील दोष कधी कळला?

जुलै १९०७ मध्ये त्यांची चार वर्षांची थोरली मुलगी मारिया स्कार्लेट फीव्हर आणि घटसर्पाने गेली. त्यानंतर काही दिवसांतच डॉक्टरांनी माहलर यांना तपासले, तेव्हा हृदयाच्या झडपेत दोष आढळला. व्हिएन्नातील तज्ज्ञ फ्रिडरिश कोवाच यांनी त्याला दुजोरा दिला आणि दमछाक होईल असे काही करू नका, असे बजावले. मैलोन्मैल चालणारा हा माणूस खिशात पावले मोजण्याचे यंत्र बाळगू लागला.

आजारामुळे त्यांनी व्हिएन्ना सोडले, हा समज मात्र चुकीचा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराशी त्यांचा करार या निदानाच्या आधी, जून १९०७ मध्येच झाला होता.

झडप कशामुळे बिघडली असावी?

माहलर यांना घशाचा त्रास वारंवार होत असे. बालपणीच्या ऱ्हुमॅटिक फीव्हरने त्यांची झडप बिघडली असावी, असे वैद्यकीय अभ्यासक मानतात. हा आजार साधारण ५ ते १५ या वयात होतो. स्ट्रेप्टोकॉकस गटातील एका जंतूमुळे घसा सुजतो. घसा बरा होतो. पण दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे दुखू लागतात. जंतूंशी लढण्यासाठी तयार झालेली शरीराची प्रतिकारशक्ती गफलतीने स्वत:च्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे पूर्ववत होतात, हृदयाची झडप मात्र अनेकदा होत नाही. ती जाड होते, आक्रसते किंवा नीट मिटत नाही. डाव्या बाजूच्या माइट्रल झडपेला हा फटका सर्वाधिक बसतो.

मग मृत्यूचे कारण हाच दोष होता का?

थेट नाही. सदोष झडप घेऊनही माणूस वर्षानुवर्षे कामात राहू शकतो आणि माहलर यांची पुढची चार वर्षे त्याचा पुरावा आहेत. १ जानेवारी १९०८ रोजी त्यांनी मेट्रोपॉलिटनमध्ये पहिला प्रयोग केला. १९०९ पासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची सूत्रे घेतली. झुबिन मेहता यांनी १९७८ ते १९९१ या काळात सांभाळला तो हाच वाद्यवृंद. सप्टेंबर १९१० मध्ये म्युनिकला हजारहून अधिक वादक-गायकांना घेऊन त्यांनी आठवी सिम्फनी सादर केली. ‘दास लीड फॉन डेअर एर्डे’ आणि नववी सिम्फनी याच काळातील. खचलेल्या माणसाचा हा दिनक्रम नव्हे.

धोका वेगळाच होता. झडपेचा पृष्ठभाग खडबडीत झाला की रक्तात शिरलेल्या जंतूंना चिकटायला जागा मिळते. आपल्या तोंडात कायम वास्तव्य असलेले ‘स्ट्रेप्टोकॉकस व्हिरिडन्स’ हे जंतू हिरड्यांतून अधूनमधून रक्तात शिरतात. निरोगी हृदयात ते टिकत नाहीत. सदोष झडपेवर मात्र त्यांची वस्ती होते, तिच्याभोवती रक्ताच्या गुठळ्या साचतात आणि फुलकोबीसारखे गोळे तयार होतात. या आजाराला ‘इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस’ म्हणजे हृदयाच्या अंत:स्तराचा जंतुसंसर्ग म्हणतात. बारीक ताप आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, वजन घटते, आणि गोळ्याचा तुकडा सुटून मेंदू किंवा मूत्रपिंडात अडकू शकतो.

न्यूयॉर्कमध्ये काय घडले?

२१ फेब्रुवारी १९११ रोजी अंगात ताप असताना, डॉक्टरांचा सल्ला डावलून माहलर कार्नेगी हॉलच्या मंचावर उभे राहिले. तो त्यांचा अखेरचा कार्यक्रम ठरला. ताप हटेना, तेव्हा त्यांचे डॉक्टर जोसेफ फ्रँकेल यांनी माउंट सायनाय रुग्णालयातील इमॅन्युएल लिबमन यांना बोलावले. या आजाराची इतकी जाण असलेले डॉक्टर तेव्हा जगात मोजकेच होते. लिबमन यांनी १९१० मध्ये, म्हणजे वर्षभरापूर्वीच, त्यावर महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

लिबमन यांचे तरुण सहकारी जॉर्ज बेअर यांनी माहलर यांच्या हॉटेलातील खोलीत जाऊन रक्त काढले आणि जंतू वाढवण्याच्या माध्यमात मिसळले. चार-पाच दिवसांत त्यात जंतूंच्या वसाहती उगवल्या. ते ‘स्ट्रेप्टोकॉकस व्हिरिडन्स’च होते. आता शंकेला जागा नव्हती. माहलर यांनी खरे काय ते सांगण्याचा आग्रह धरला. ते समजल्यावर व्हिएन्नाला परतण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली.

उपचार झाले की नाहीत?

एप्रिलमध्ये त्यांना जहाजाने युरोपला नेण्यात आले. पॅरिसमध्ये जंतुशास्त्रज्ञ आंद्रे शांतमेस यांनी त्यांना तपासले, पण काही उपयोग झाला नाही. १२ मे रोजी ते व्हिएन्नात पोहोचले आणि १८ मे १९११ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रिन्झिंगच्या दफनभूमीत मुलगी मारियाजवळ त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. नववी सिम्फनी त्यांनी वाद्यवृंदाकडून कधी ऐकलीच नाही. तिचा पहिला प्रयोग १९१२ मध्ये झाला.

पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये. न्यूयॉर्कमध्येच, ब्रुकलिन येथे लिओ लोवे यांनी पेनिसिलिन आणि रक्त पातळ करणारे हेपॅरिन वापरून या आजाराचे सात रुग्ण बरे केल्याचे १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. माहलर यांच्या मृत्यूला तेव्हा ३३ वर्षे झाली होती.

आज चित्र किती बदलले आहे?

बरेच. सोनोग्राफीच्याच तत्त्वावरील ‘इको’ तपासणीत झडपेवरील गोळे दिसतात. शिरेतून साधारण चार ते सहा आठवडे प्रतिजैविके देतात आणि गरज पडल्यास झडप बदलता येते. निदानाचा पाया मात्र बेअर यांनी केली तीच रक्ताची कल्चर तपासणी आहे. म्हणूनच झडपेचा दोष असलेल्या व्यक्तीचा ताप रेंगाळला, तर मनानेच प्रतिजैविकांच्या गोळ्या घेणे घातक ठरू शकते. अर्धवट मेलेले जंतू कल्चरमध्ये उगवत नाहीत आणि आजार लपून राहतो. अशा रुग्णांनी दातांची निगा राखावी आणि दातांवर उपचार करण्यापूर्वी झडपेच्या दोषाची कल्पना दंतवैद्यांना द्यावी.

दाटीवाटीच्या वस्त्या आणि उपचारांची वानवा जिथे आहे, तिथे ऱ्हुमॅटिक हृदयविकार आजही टिकून आहे. भारतही त्याला अपवाद नाही. स्ट्रेप्टोकॉकसने सुजलेल्या घशावर वेळीच पेनिसिलिन मिळाले, तर पुढची साखळी तिथेच तुटते. एकदा ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन गेलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन काही वर्षे द्यावे लागते. दुखणे थांबले म्हणून ही इंजेक्शने मध्येच बंद केली जातात, आणि झडपेचे नुकसान पुन्हा सुरू होते. माहलर यांच्या डॉक्टरांकडे नसलेले औषध आज स्वस्तात मिळते. प्रश्न ते नेमाने घेण्याचा आणि देण्याचा आहे.