प्रयोगशाळेतले दाढीवाले गृहस्थ

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला. सहलीच्या आणि छड्यांच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, म्हणून मी वेगळाच विषय घेतो. आपल्या प्रयोगशाळेत काचसामानाच्या कपाटावर एका दाढीवाल्या, चष्मेवाल्या गृहस्थांचे चित्र होते, आठवते? निम्मा वर्ग त्यांना कार्ल मार्क्स समजत असे. ते लुडविग बोल्ट्झमन, हे शास्त्राच्या सरांनी दहावीत सांगितले. पुढे मी तीस वर्षे ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले, आणि या गृहस्थांनी एकदा मला चांगलेच खजील केले.

बोल्ट्झमन यांचा जन्म 20 फेब्रुवारी 1844 रोजी व्हिएन्नात झाला. वडील करखात्यात होते. मुलगा पंधरा वर्षांचा असताना ते वारले आणि आईने स्वतःची पुंजी खर्चून त्याला शिकवले. 1866 मध्ये डॉक्टरेट मिळाली, पंचविसाव्या वर्षी ते ग्राझला प्राध्यापक झाले. तिथे त्यांना हेन्रिएटे भेटली. मुलींना विद्यापीठात व्याख्यानांना बसू देत नसत. तिने त्याविरुद्ध दाद मागावी म्हणून यांनीच तिला धीर दिला. 1876 मध्ये दोघांचे लग्न झाले.

त्याच वर्षी त्यांनी वायूंच्या उष्णतेचे एक कोडे हाती घेतले. वायू तापवला की दिलेली ऊर्जा जाते कुठे? रेणू तीन दिशांना धावतो, हे तीन वाटे. दोन अणूंचा रेणू डंबेलसारखा दोन प्रकारे फिरतो, हे आणखी दोन. आणि दोन अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे आत-बाहेर हलत असतील, तर कंपनाचे दोन. प्रत्येक वाट्याला सारखीच ऊर्जा मिळायला हवी, असे गणित सांगत होते. एकूण सात वाटे, म्हणजे एक मोल वायू एक अंशाने तापवायला 29.1 जूल. नायट्रोजन मात्र 20.8 जूलवरच भागवतो, म्हणजे पाचच वाटे. बोल्ट्झमन यांनी रेणू ताठ डंबेल मानला आणि हिशोब जुळवला. पण वायूंच्या वर्णपटातल्या रेषा सांगत होत्या की रेणूच्या आत हालचाल आहे. मग ती आपला वाटा का मागत नाही? मॅक्सवेल यांना ही अणुसिद्धान्तापुढची सर्वांत मोठी अडचण वाटत होती. बोल्ट्झमन यांनी ती कधी झाकली नाही. 1895 मध्येही ते तिच्यावर लिहीत होते.

मला चुटपूट लागते ती याची, की किल्ली त्यांच्याच हातात होती. 1877 च्या एका लेखात त्यांनी हिशोबाच्या सोयीसाठी ऊर्जेच्या सारख्या पुड्या बांधल्या होत्या. शेवटी पुड्या सोडून ऊर्जा पुन्हा सलग केली, कारण खरी ऊर्जा पुड्यांत येते असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

अणू आहेत हेच माख आणि ओस्टवाल्ड यांना मान्य नव्हते. अनेक वर्षे वाद झाले. व्हिएन्ना, लाइपझिग, पुन्हा व्हिएन्ना अशा नोकऱ्या बदलल्या, डोळे अधू झाले, मन वरचेवर खचू लागले. 5 सप्टेंबर 1906 रोजी त्रिएस्तेजवळच्या दुइनो गावी, कुटुंबासह सुट्टीवर असताना त्यांनी आपले जीवन संपवले. विरोधकांनी त्यांचा बळी घेतला, असे मीही वर्गात रंगवून सांगत असे. आता सांगत नाही. तो आजारी माणूस होता, आणि त्या आजारावर तेव्हा औषध नव्हते.

पुढच्याच वर्षी आइन्स्टाइन यांनी घन पदार्थांतल्या कंपनांना पुड्यांचा नियम लावला आणि वायूंचेही कोडे सुटू लागले. नायट्रोजनच्या कंपनाची एक पुडी खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धक्क्यांत असणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे अकरा पट मोठी असते. अर्धी पुडी मिळत नाही, म्हणून कंपन गोठलेलेच राहते. हजार-दोन हजार अंशांवर ते हळूहळू जागे होते आणि वायू जास्त उष्णता मागू लागतो.

आता माझी फजिती. एका सहामाहीत मी क्लोरीनचा आकडा विचारला होता. दोन अणूंचा रेणू, म्हणजे 20.8, असे माझे ठरलेले उत्तर. एका मुलाने 25.6 लिहिले. मी लाल रेघ मारली आणि दोन गुण कापले. तो वर्गात उभा राहिला, तर पाठ्यपुस्तक दाखवून मी त्याला खाली बसवले. काही महिन्यांनी बोल्ट्झमन यांच्याबद्दल बोलायचे म्हणून वाचत बसलो, तेव्हा कळले की क्लोरीनचे अणू जड, बंध सैल, म्हणून पुडी लहान. नायट्रोजनच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. खोलीतच त्याचे कंपन निम्म्याहून अधिक जागे असते. मोजलेला आकडा 25.6 च.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. पण निकाल तोवर लागून गेला होता. ते दोन गुण त्याच्या गुणपत्रिकेत अजूनही कमीच आहेत.