अँडरसन मॅककेंड्रिक

अँडरसन ग्रे मॅककेंड्रिक (८ सप्टेंबर, १८७६ – ३० मे, १९४३) हे स्कॉटिश वैद्यक व साथरोगांच्या गणिती अभ्यासाचे एक प्रवर्तक होते. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध सिद्धान्ताची पडताळणी मुंबईतील प्लेगच्या आकडेवारीवर झाली.

जीवन

त्यांचा जन्म एडिंबरा येथे झाला. वैद्यकीय शिक्षण ग्लासगो येथे घेऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. १९०१ मध्ये हिवतापविरोधी मोहिमेसाठी ते रोनाल्ड रॉस यांच्यासोबत सिएरा लिओनला गेले. रॉस यांच्या प्रोत्साहनाने ते गणिताकडे वळले. पुढे कसौली येथील पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले व १९१४ ते १९२० या काळात ते तिचे संचालक होते. प्रकृतीच्या कारणाने १९२० मध्ये ते मायदेशी परतले आणि एडिंबरा येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे अधीक्षक झाले.

मुंबईचा प्लेग आणि प्रारूप

या प्रयोगशाळेत त्यांना विल्यम कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ सहकारी लाभले. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मधील अपघातात गेली होती. १९२७ मध्ये दोघांनी साथरोगांचा गणिती सिद्धान्त मांडला. त्यात लोकसंख्येचे संसर्ग होऊ शकणारे, संसर्ग झालेले आणि बरे वा मृत झालेले असे तीन गट केले होते. संसर्गक्षम व्यक्तींची संख्या ठरावीक मर्यादेखाली गेली की, सर्वांना लागण होण्यापूर्वीच साथ ओसरते, असे त्यांनी दाखवले. उदाहरणादाखल त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधील मुंबईतील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचा आलेख घेतला. सूत्रातून मिळालेला वक्र त्याच्याशी चांगला जुळला.

मर्यादा

प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे माणसांत पसरतो. या सूत्रात उंदीर व पिसवा स्वतंत्रपणे नव्हत्या, तसेच ऋतुमानाचा परिणामही नव्हता. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब असून आपली गृहीतके काटेकोरपणे लागू पडत नाहीत, हे लेखकांनीच नमूद केले होते. २०१२ मध्ये निकोला बाकाएर यांनी ऋतुमान विचारात घेऊन या उदाहरणाची पुन्हा चिकित्सा केली. वक्र जुळला म्हणजे प्रसाराचे कारण कळले असे नव्हे, हा धडा त्यातून मिळतो.

वारसा

कीटकजन्य रोगांच्या अनेक संगणकीय सिम्युलेशनांचा पाया अशी गटवार विभागणी हाच असतो. मात्र त्यांत डासांचे किंवा पिसवांचे गट वेगळे धरले जातात. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीतील डेंग्यूचे सिम्युलेशन करायचे झाल्यास पावसाळ्यातील डासांची पैदास, पाण्याचा साठा आणि लोकलने होणारी रोजची ये-जा यांचा समावेश करावा लागेल.