पॉल एर्लिख : जन्माने अडवलेला, पण न थांबलेला संशोधक

१४ मार्च १८५४ रोजी तेव्हाच्या प्रशियातील श्ट्रेलेन गावी एका ज्यू कुटुंबात पॉल एर्लिख यांचा जन्म झाला. वैद्यकाचे शिक्षण घेताना त्यांना रासायनिक रंगांचा नाद लागला. एखादा रंग जंतूला धरतो, पण शेजारच्या पेशीला धरत नाही, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. मग जंतूला मारेल आणि माणसाला सोडून देईल असे रसायन मुद्दाम घडवता येईल का? हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

ज्यू असणे त्यांना आडवे येत राहिले. सोयीसाठी धर्म बदलला असता तर वाट सोपी झाली असती, पण त्यांनी तो बदलला नाही. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, विद्यापीठातले पूर्ण प्राध्यापकपद मात्र १९१४ मध्ये, साठाव्या वर्षी. हा अनुभव आपल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही.

१९०७ च्या सुमारास त्यांच्या फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट लक्षात आली. निद्रारोगाच्या जातीचे परजीवी असलेल्या उंदरांना औषध दिले की ते नाहीसे होत. पण काही उरले तर पुन्हा वाढत आणि तेच औषध मग निकामी ठरे. वेगळ्या घडणीचे औषध मात्र त्यांच्यावर चाले. एर्लिख यांनी यातून धडा घेतला : मारा सुरुवातीलाच जोरदार हवा आणि अनेक बाजूंनी हवा.

त्या काळी अ‍ॅटॉक्सिल हे आर्सेनिकयुक्त औषध घेऊन काही रुग्णांची दृष्टी जाई. एर्लिख आणि बर्थहाइम यांनी त्याची खरी रचना शोधली आणि तिच्यात एकेक बदल करत शेकडो संयुगे तयार केली. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी उपदंश झालेल्या सशांवर ती तपासली. आधी बाजूला पडलेले ६०६ क्रमांकाचे संयुग गुणकारी ठरले. १९१० मध्ये ते साल्वरसान नावाने बाजारात आले. त्याचे दुष्परिणाम होते, टीकाही झाली. उपदंश ही पापाची शिक्षा मानणाऱ्यांना तर त्यावर औषधच नको होते.

२० ऑगस्ट १९१५ रोजी एर्लिख गेले. पुढे नाझींनी फ्रँकफर्टच्या रस्त्यावरचे त्यांचे नाव पुसले. काम पुसता आले नाही.

आज औषधांना न जुमानणारा क्षयरोग आपल्या वस्त्यांमध्ये आहे. क्षयरोगावर एकाच वेळी अनेक औषधे देतात ती याच कारणाने, की एकातून वाचलेला जंतू दुसऱ्यात सापडावा. गोळ्या मध्येच सोडल्या तर उरलेले जंतू बळावतात. जगभर नव्या औषधांचा शोध चालू आहे, पण हाताशी असलेली औषधे टिकवणे आपल्या हातात आहे.

दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, हे तथागतांनी सांगितले. म्हणून आजाऱ्याला पूर्वजन्मीच्या पापाचा हिशेब विचारू नका. त्याचा उपचार पूर्ण होईपर्यंत त्याच्यासोबत राहा. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत एवढे केले, तरी पुष्कळ जीव वाचतील असे आम्हाला वाटते.

जयभीम! नमो बुद्धाय!